एसी घेतल्यावर मी बोलायचं थांबलो

आमच्या सोसायटीच्या टेरेसवर सोलर पॅनल बसले नाहीत, याला मी जबाबदार आहे. एकटा नाही, पण आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी लोकशाही, उत्पन्न आणि कार्बन उत्सर्जन अशा मोठ्या शब्दांबद्दल बोलणार आहे, आणि मोठ्या शब्दांमागे लपणं फार सोपं असतं.

मी हाटकेशला राहतो, मिरा रोड पूर्वेला. एका बाजूला उद्योगनगरातले गाळे, दुसरीकडे नवे टॉवर, आणि मधे आमच्यासारख्या जुन्या सात मजली इमारती. लहानपणी आम्ही नालासोपाऱ्यात एका खोलीत राहायचो. एक ट्यूब, एक पंखा, आणि मीटरचं रीडिंग कॅलेंडरवर लिहून ठेवणारे बाबा. मी इंजिनीअर झालो, नोकरी लागली आणि आम्ही इथे आलो. फ्लॅट बाबांच्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून. मजला सातवा, म्हणजे शेवटचा. डोक्यावर फक्त स्लॅब.

शेवटच्या मजल्यावर राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटली तरी निवत नाही. पंखा लावला की वरची गरम हवा खाली येते, एवढंच. २०२४च्या एप्रिलात मी वैतागून शेवटच्या मजल्यावरच्या आठ घरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. मागणी साधी होती : टेरेसला उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या आणि वर सोलर पॅनल बसवा. पॅनलची सावली स्लॅबवर पडेल, आणि लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल उतरेल.

मी उत्साहाने एक्सेल शीट केली. वीस किलोवॅटचा प्रकल्प, खर्च साधारण अकरा लाख. त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झालेल्या केंद्राच्या 'पीएम सूर्यघर' योजनेत सोसायट्यांच्या सामायिक विजेसाठी किलोवॅटमागे १८ हजारांचं अनुदान होतं. ते वजा जाता छपन्न फ्लॅटमध्ये वाटलं तर एका घराला तेरा हजारांच्या आसपास. शेजारच्या काकू, ज्यांचं घर काकांच्या मागे पेन्शनवर चालतं, ती शीट मोबाइलवर बोटांनी मोठी करून करून वाचत होत्या. म्हणाल्या, "तेरा हजार एकदम नाही जमणार रे, पण हप्त्यांनी देईन. तू मीटिंगमध्ये नीट मांड मात्र."

मे महिन्यात एका दुपारी आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन खाली बसली. तिला बीपीच्या गोळ्या चालू आहेत. त्या संध्याकाळी मी दीड टनाचा इन्व्हर्टर एसी ऑर्डर केला. ४२ हजार, बिनव्याजी हप्ते. दोन दिवसांत बसला. त्या रात्री आम्ही तिघंही एकाच खोलीत झोपलो आणि कित्येक आठवड्यांनी शांत झोपलो.

आणि त्यानंतर मी त्या ग्रुपवर एकही मेसेज टाकला नाही.

सप्टेंबरात एका रविवारी वार्षिक सर्वसाधारण सभा होती. आई-बाबा गणपतीला गावी गेले होते, त्यामुळे आमच्या घरातून सभेला मीच जायचं होतं. मी एसी लावून दहापर्यंत झोपलो होतो. नंतर सेक्रेटरींकडून कळलं : कोरम भरला नाही, अर्ध्या तासाने सभा पुन्हा सुरू झाली, सोलरचा विषय आला तेव्हा एकट्या काकू बोलल्या. आकडे विचारल्यावर त्यांना सांगता येईनात. विषय 'पुढील वर्षी विचार करू' म्हणून बंद झाला.

जिन्यात भेटल्यावर काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझ्याकडे एसी आलाय ना आता."

*

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण मी तोपर्यंत बरोबर उलट समजत होतो. माझी समजूत अशी की माणसाकडे पैसे आले, पोट भरलं, शिक्षण झालं, की तो पर्यावरणाचा विचार करू लागतो. गरीब देश आधी श्रीमंत होऊ देत, मग ते आपोआप स्वच्छ होतील.

ही समजूत फक्त माझी नाही. अर्थशास्त्रात तिची एक प्रसिद्ध वक्ररेषा आहे. सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये विषमतेबद्दल मांडलं होतं की देशाची भरभराट होताना विषमता आधी वाढते, मग कमी होते. नव्वदच्या दशकात जीन ग्रॉसमन आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघांना प्रदूषणातही तसाच आकार दिसला : उत्पन्न वाढतं तसं प्रदूषण आधी वाढतं, एका टप्प्यावर पोचतं आणि मग उतरतं. कागदावर पालथ्या वाडग्यासारखा दिसणारा आलेख. त्यामागचं कारणही पटण्यासारखं. श्रीमंत झालेले नागरिक स्वच्छ हवा मागतात, आणि लोकशाही असेल तर सरकारला ती द्यावी लागते. उत्पन्न मागणी तयार करतं, लोकशाही ती पोचवते.

पण ग्रॉसमन आणि क्रूगर यांनी पाहिलेली प्रदूषणं कोणती होती? शहरातल्या हवेतला सल्फर डायऑक्साइड आणि धूर, नद्यांमधली घाण, पाण्यातले जड धातू. म्हणजे ज्याने खोकला येतो, डोळे चुरचुरतात, पोट बिघडतं. कार्बन डायऑक्साइड त्यांच्या त्या यादीत नव्हता. त्याला वास नाही, रंग नाही. माझ्या एसीमुळे निघालेला कार्बन वायू हाटकेशमध्ये राहत नाही, तो साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो आणि शेकडो वर्षं परिणाम करत राहतो. त्याची तक्रार करायला कोण येणार?

हा फरक पाहायला फार लांब जायला नको. पश्चिम रेल्वेने वरच्या दिशेला गेलात की पालघर जिल्ह्यात डहाणू लागतं. चिकूच्या बागांचा तालुका. तिथे ५०० मेगावॉटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे. आधी बीएसईएसचं, मग रिलायन्सचं, २०१८ पासून अदानींचं. मुंबईच्या उपनगरांना आणि मिरा-भाईंदरला वीज पुरवणाऱ्या कंपनीचंच ते केंद्र. तिथून निघालेल्या उच्च दाबाच्या तारा आमच्या जवळ घोडबंदरच्या उपकेंद्रापर्यंतही येतात. आमच्या घरातला कुठला युनिट डहाणूचा आणि कुठला राजस्थानातल्या सौरऊर्जेचा, हे वेगळं करून सांगता येत नाही. पण आमच्या शहराच्या दिव्यांचं आणि त्या चिमणीचं नातं आहे, एवढं नक्की.

डहाणूकरांनी या केंद्राविरुद्ध मोठा लढा दिला. बागायतदार, आदिवासी, मच्छीमार, पर्यावरणवाले असे सगळेच त्यात होते. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. सल्फर पकडणारी यंत्रणा बसवा, असा आग्रह या प्राधिकरणाने धरला. कंपनीने वर्षानुवर्षं वेळ काढला, पण प्राधिकरण मागे हटलं नाही. शेवटी २००७ मध्ये ती यंत्रणा बसली. भारतातल्या बहुतेक कोळसा केंद्रांत ती आजही नाही.

मला ही गोष्ट लोकशाहीची जीत वाटते. पण तिच्यात एक बारीक मेख आहे. ती यंत्रणा सल्फर पकडते, कार्बन नाही. उलट ती चालवायलाही थोडी वीज लागतेच. चिकूच्या पानांवर जे दिसत होतं ते थांबलं, जे कुणालाच दिसत नव्हतं ते तसंच आकाशात जात राहिलं. यात डहाणूच्या लोकांचा दोष नाही. त्यांनी आपल्या अंगणातली तक्रार केली आणि ती जिंकली. पण कार्बन हे कुणाच्याच अंगणातलं दुखणं नाही.

*

अमर्त्य सेन यांचं एक म्हणणं आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे : निवडणुका आणि मोकळी वर्तमानपत्रं असलेल्या देशात मोठा दुष्काळबळींचा प्रसंग येत नाही. १९४३ मध्ये ब्रिटिश अमलाखालच्या बंगालमध्ये लाखो लोक उपासमारीने मेले. स्वतंत्र भारतात दुष्काळ अनेक पडले, पण तसं झालं नाही. कारण माणसं मरू लागली की बातमी होते, बातमी झाली की सरकारला घाम फुटतो.

मग हवामानाबद्दल लोकशाहीला घाम का फुटत नाही?

मालाडच्या ऑफिसात जेवताना माझा एक सहकारी याचं झटपट उत्तर देतो : "आपल्याकडे मतं मागावी लागतात, म्हणून. चीनसारखं एकहाती राज्य असतं तर दोन वर्षांत सगळं सोलर." हे ऐकायला बरं वाटतं, पण आकडे त्याला साथ देत नाहीत. चीनने सोलर पॅनल प्रचंड प्रमाणात बसवले हे खरं, पण तिथलं दरडोई कार्बन उत्सर्जन वर्षाला ८ टनांच्या वर आहे. जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास, भारताची सुमारे २ टन. म्हणजे लोकशाही स्वच्छ, असं म्हणावं का? तेही नाही. दक्षिण आफ्रिका लोकशाही देश आहे, तिथे दरडोई ६ टनांच्या वर, कारण वीज कोळशाची. अमेरिकेत सुमारे १४ टन. ऑस्ट्रेलियात २०१३ची निवडणूक कार्बन कर रद्द करण्याच्या आश्वासनावर जिंकली गेली आणि २०१४ मध्ये तो रद्दही झाला. उलट ब्रिटनने सप्टेंबर २०२४ मध्ये आपलं शेवटचं कोळसा वीज केंद्र बंद केलं, तेही मतपेटीच्या मार्गानेच.

म्हणजे 'लोकशाही आहे की नाही' या प्रश्नातून फारसं काही निघत नाही. प्रश्न असा विचारायला हवा : या लोकशाहीत तक्रार कोण करतंय? आणि ज्यांचा आवाज मोठा आहे ते अजून त्या तक्रारीत आहेत का?

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. एखादी व्यवस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात, असं ते सांगतात. एक, तिथेच राहून आरडाओरडा करणं. दोन, निघून जाणं. त्यांना ही कल्पना नायजेरियातल्या रेल्वेवरून सुचली. रेल्वे वाईट चालायची. एरवी अशी रेल्वे सुधारावी म्हणून व्यापाऱ्यांनी सरकारच्या नाकी नऊ आणले असते. पण ट्रकची सोय झाली आणि ज्यांचा आवाज सर्वांत मोठा होता तेच आधी ट्रककडे गेले. मागे उरलेल्यांचं ऐकायला कुणी नव्हतं, आणि रेल्वे तशीच राहिली.

हे वाचलं तेव्हा मला नायजेरिया नाही, आमचा टॉप फ्लोअरचा ग्रुप दिसला.

एसी हा माझा ट्रक होता. तापलेल्या स्लॅबमधून मी निघून गेलो. जागा सोडली नाही, पण तक्रार सोडली. आणि मीच त्या आठ घरांत आकडे मांडू शकणारा, सेक्रेटरींना इंग्रजीत ईमेल लिहू शकणारा माणूस होतो. माझ्याआधी पाच घरांनी हेच केलं होतं. उरल्या काकू आणि स्कूल व्हॅन चालवणाऱ्यांचं घर. आणि खाली पत्र्याच्या केबिनमध्ये बसणारे वॉचमन, ज्यांना सभेत मतच नाही.

आता ही गोष्ट सोसायटीच्या गेटबाहेर नेऊन बघा. पाणी खराब आलं की आपण आरओ बसवतो. पाणी कमी आलं की टँकर. हवा खराब झाली की एअर प्युरिफायर. वीज गेली की इन्व्हर्टर. कुझनेट्सच्या नावाची ती वक्ररेषा सांगते की उत्पन्न वाढलं की माणूस स्वच्छ परिसर मागेल. आपल्याकडे उत्पन्न वाढलं की माणूस परिसरातून बाहेर पडायची सोय विकत घेतो. आणि यातली जवळजवळ प्रत्येक सोय विजेवर किंवा डिझेलवर चालते. म्हणजे पैसा दोनदा काम करतो. एकदा उत्सर्जन वाढवतो आणि दुसऱ्यांदा ते कमी करा म्हणणारा आवाज काढून घेतो. भारतासारख्या देशात आलेखाचा तो वाडगा कार्बनच्या बाबतीत वळत नाही, याचं निदान एक कारण मला इथे दिसतं.

*

याची उलट बाजूही आहे, आणि ती महाराष्ट्रातच आहे.

शेतीपंपांना आपल्याकडे वर्षानुवर्षं आलटून पालटून वीज मिळते : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी अंधारात बांधावर. साप, विंचू, काही भागांत बिबट्या. 'दिवसा वीज द्या' ही मागणी प्रत्येक निवडणुकीत, प्रत्येक मोर्चात होती. या शेतकऱ्याला आपल्या शेतातून निघून जायची सोय नव्हती. शेत उचलून नेता येत नाही. म्हणून तो ओरडत राहिला. २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. गावाजवळ सौर प्रकल्प, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला. सूर्य दिवसाच उगवतो, त्यामुळे वीजही दिवसाच.

त्या मोर्च्यांत कार्बनसाठी कुणी घोषणा दिली नसेल. पण कोळशाच्या काही विजेच्या जागी सौर वीज आली ती त्यांच्यामुळे. गंमत अशी की याच मतपेटीने २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीजही दिली. मोफत विजेने पंप किती चालतील, भूजल किती उपसलं जाईल, हा प्रश्न उरतोच. लोकशाहीला कार्बन समजत नाही, तिला गाऱ्हाणं समजतं. गाऱ्हाण्याचं उत्तर स्वच्छ निघालं तर उत्सर्जन कमी होतं, नाहीतर वाढतं.

मग गाऱ्हाण्यावर अवलंबून राहायचंच कशाला, गुपचूप कर लावावा, असंही कुणी म्हणेल. आपण तेही करून पाहिलं. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपयांचा उपकर लागला. २०१६ पर्यंत तो ४०० झाला. जवळजवळ कुणाच्या लक्षातही आलं नाही. पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून गोळा होत होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो राज्यांची नुकसानभरपाई द्यायला वळवला गेला. २०२५ मध्ये हा उपकर काढून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. माझ्या ओळखीतल्या एकानेही यावर चकार शब्द काढला नाही. जे न बोलता येतं ते न बोलता जातंही, कारण त्याच्या मागे उभं राहायला कुणी नसतं.

आणि जिथे आवाज असतो, तिथेही तो सगळ्यांचा नसतो. हे आमच्या शहरातच घडलं. दहिसर ते मिरा-भाईंदर ही मेट्रो ९. तिची कारशेड आधी राई, मुर्धा, मोर्वा या गावांच्या बाजूला होणार होती. घरं आणि जमिनी जातील म्हणून गावकऱ्यांनी विरोध केला. तो रास्त होता. कारशेड उत्तनजवळच्या डोंगरीला हलवली गेली. तिथे झाडं होती. २०२५ मध्ये १२ हजारांहून जास्त झाडं तोडण्याची नोटीस निघाली तेव्हा नागरिकांनी मोठ्या संख्येने हरकती नोंदवल्या. पण त्या वेळी मिरा-भाईंदर महापालिकेत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. ऑगस्ट २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून प्रशासक कारभार पाहत होते. ज्याला जाब विचारावा असा आपल्या वॉर्डाचा नगरसेवकच नव्हता.

मी स्वतः त्या मेट्रोची वाट पाहणारा माणूस आहे. मेट्रोने रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील, म्हणजे उत्सर्जनही. झाडं तोडून मेट्रो की मेट्रो सोडून झाडं, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण घरं जाणाऱ्यांना आवाज होता म्हणून ओझं सरकलं, आणि सरकत सरकत ज्यांना आवाज नाही तिथे जाऊन थांबलं, हे मला दिसतं. कार्बनचंही असंच सरकत जाऊन थांबतं : पत्र्याखालच्या माणसावर, आणि अजून जन्माला न आलेल्यांवर. दोघंही आमच्या सभेचे सभासद नाहीत.

*

राहिला माझा हिशोब.

मी बरेच दिवस एका आकड्याच्या आड उभा होतो. भारतीय माणूस वर्षाला २ टन, अमेरिकन १४ टन. मग मला कोण विचारणार? हा युक्तिवाद जागतिक परिषदांमध्ये भारत करतो आणि तिथे तो बरोबरच आहे. आजवर हवेत जमलेल्या कार्बनमध्ये आपला वाटा फार थोडा. पण ती २ टनांची सरासरी माझी नाही. ती मला वॉचमनकाकांनी, नालासोपाऱ्यातल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांनी, गडचिरोलीत चुलीवर भाकरी करणाऱ्या बाईने मिळवून दिली आहे. ग्रीनपीस इंडियाने २००७ मध्ये एका अहवालाला नावच दिलं होतं : गरिबांच्या आड लपणं. मला ते नाव तेव्हा माहीत असतं तर आवडलं नसतं.

माझा एसी रात्री साधारण पाच युनिट खातो. वर्षातून शंभर रात्री धरल्या तर पाचशे युनिट. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे वर्षाला ३५० किलो. भारतीय माणसाच्या वर्षभराच्या वाट्याचा सहावा भाग. वर ऑफिसच्या कामासाठी बेंगळुरूच्या विमानफेऱ्या वेगळ्याच.

आता ती जुनी एक्सेल शीट. वीस किलोवॅटच्या पॅनलमधून वर्षाला साधारण २८ हजार युनिट निघाले असते. म्हणजे सुमारे २० टन कार्बन वाचला असता. छपन्न घरांत वाटला तर घरामागे ३५० किलो.

मी हा गुणाकार तीनदा केला. माझा एसी जेवढा कार्बन टाकतो, जवळजवळ तेवढाच त्या पॅनलने प्रत्येक घरामागे वाचवला असता. खर्च एसीच्या किमतीच्या एक तृतीयांश. आणि स्लॅब सगळ्यांचाच थंड झाला असता, काकूंचाही.

एसी घेतला याचं मला वाईट वाटत नाही. आईला पुन्हा चक्कर आली असती तर मी आजही तेच केलं असतं, आणि ज्या देशात दहातल्या एखाद्याच घरात एसी आहे तिथे उरलेल्या नऊ घरांनी तो घेऊ नये, असं म्हणायचा मला अधिकार नाही. माझ्या पिढीला पर्यावरणाबद्दल अपराधी वाटून घ्यायची सवय आहे, आणि बहुतेक वेळा तो अपराध चुकीच्या जागी असतो. आपण स्ट्रॉ प्लास्टिकची की कागदाची यावर झुरतो. माझी चूक वस्तू विकत घेण्यात नव्हती. स्वतःची सोय झाल्यावर ज्यांची झाली नाही त्यांच्या बाजूने बोलायचं थांबलो, ही होती. उत्पन्न वाढल्यावर मला दोन गोष्टी मिळाल्या होत्या : एसी घेण्याची ऐपत आणि सभेत आकडे मांडण्याची ऐपत. पहिली मी वापरली. दुसरी माझ्या एकट्याची नव्हती. नालासोपाऱ्यातल्या खोलीतला तो एकच पंखा माझ्या अभ्यासाच्या टेबलाकडे वळवून बाबांनी ती मला मिळवून दिली होती.

लोकशाहीत मत एकच असतं, कोट्यधीशाचं आणि वॉचमनचं सारखंच. पण आवाज सारखा नसतो. तो शिक्षणाने, भाषेने, रविवारी सकाळी मोकळा वेळ असण्याने मोठा होतो. आपल्या देशात आता जी कोट्यवधी माणसं माझ्यासारखी वर सरकत आहेत, त्यांच्या हातात उद्याचं उत्सर्जन आहे. ती सगळी आपापल्या थंड खोलीत गेली की खाली सभेत कोण उरेल?

आता पुन्हा सभा यायची आहे. हे सगळं मी जेवताना बाबांना सांगितलं, आलेख आणि हर्शमनसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे नोटीस कधी द्यायची सेक्रेटरींना?"

विषय लेखी द्यावा लागतो. तो मी दिला आहे. त्यात यंदा एक ओळ वाढवली आहे : टेरेसबरोबर वॉचमनच्या केबिनच्या पत्र्यालाही पांढरा रंग द्यावा. ग्रुपवर पुन्हा शीट टाकली. पाच एसीवाल्यांपैकी दोघांनी अंगठा दाखवला. बाकी गप्प. मंजूर होईल की नाही माहीत नाही.

काकूंच्या घरी जाऊन मी त्यांना प्रत्येक आकडा समजावून सांगितला. या वेळी मी सभेला जाणार आहेच. पण समजा माझं पुन्हा काही झालं, झोप लागली, नोकरी बदलली, बेंगळुरूला गेलो, तरी आकडे विचारणाऱ्याला उत्तर देता यावं. त्यांनी ते जुन्या डायरीत पेनने उतरवून घेतले. मग विचारलं, "आणि हे सगळं केल्यावर तू एसी बंद करणार का?"

मी म्हटलं, "नाही काकू."

"मग ठीक," त्या म्हणाल्या. "नाहीतर मला वाटलं असतं तू खोटं बोलतोयस."